बंदूक बाळगणाऱ्याची जबाबदारी आणि सुरक्षितता: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान पिस्तूल, रिव्हॉल्व्हर, रायफल किंवा शॉटगन कायदेशीरपणे बाळगणाऱ्यांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी आहे. परवाना, साठवण आणि वाहतुकीचे नियम प्रत्येक देशात वेगळे असतात. तुमच्याकडचा कायदा इथे लिहिलंय त्यापेक्षा कडक असेल, तर कायदाच पाळायचा.

मूळ नियम नक्की किती? कुठे तीन सांगतात, कुठे चार, तर कुठे दहा.

आकडा बदलतो, गाभा तोच राहतो. जगभर सर्वाधिक शिकवले जाणारे चार नियम जेफ कूपर या अमेरिकी प्रशिक्षकाच्या नावाने ओळखले जातात:

१. प्रत्येक बंदूक भरलेली आहे असं समजूनच हाताळा.
२. ज्याची नासधूस झालेली चालणार नाही, अशा कशावरही नळीचं तोंड जाऊ देऊ नका.
३. नेम लक्ष्यावर बसेपर्यंत बोट चापावर नेऊ नका.
४. लक्ष्य काय आहे आणि त्याच्या मागे काय आहे, दोन्हीची खात्री करा.

हे नियम मुद्दाम एकमेकांवर रचलेले आहेत. बोट चुकून चापावर गेलं, पण नळी मातीच्या ढिगाकडे असेल, तर फक्त दचकायला होतं. नळी चुकीच्या दिशेला गेली, पण बोट बाहेर असेल, तर काहीच होत नाही. माणूस जखमी व्हायला बहुतेक वेळा दोन नियम एकाच क्षणी मोडावे लागतात. म्हणून "रिकामी आहे हो" म्हणत नळी कुणाकडे वळवणाऱ्याला तिथल्या तिथे टोकलंच पाहिजे, मग तो वयाने आणि अनुभवाने कितीही मोठा असो.

"सुरक्षित दिशा" रेंजवर कळते. घरात कोणती?

जिथे सुटलेली गोळी नक्की अडेल आणि जिच्या पलीकडे माणूस नसेल, ती. बहुमजली इमारतीत वर आणि खाली दोन्हीकडे शेजारी असतात, त्यामुळे "नळी वर धरा" किंवा "खाली धरा" हा सरसकट सल्ला तिथे लागू पडत नाही. खोल्यांमधल्या पातळ पार्टिशनचा भरवसा धरू नका. नऊ मिलीमीटरची गोळी अशी अनेक पार्टिशनं ओलांडून जाते. पोकळ ब्लॉकची भिंतही खात्रीची नाही.

यावर सोपा उपाय म्हणजे वाळूची बादली. २० लिटरच्या बादलीत किमान ३० सेंटीमीटर उंचीपर्यंत कोरडी वाळू भरा, ती एका ठरावीक कोपऱ्यात ठेवा, आणि पिस्तूल भरणं किंवा रिकामं करणं फक्त तिच्याकडे तोंड करून करा. पिस्तुलाच्या गोळीला एवढी वाळू पुरते. रायफलच्या गोळीत ताकद फार असते, तिच्यासाठी गोळी अडवायला खास बनवलेला बुलेट ट्रॅपच हवा.

बोट "चापाबाहेर" म्हणजे नेमकं कुठे?

ट्रिगर गार्डच्या (चापाभोवतीच्या कडीच्या) वर, फ्रेमला लागून, सरळ ताणलेलं. गार्डच्या कडेवर टेकवलेलं बोट दचकल्यावर सरळ आत घसरतं. सर्वसाधारण पिस्तुलाचा चाप दोन ते तीन किलो जोराने सुटतो आणि दचकलेला हात त्याहून बराच जास्त आवळतो. आणखी एक बाब फार जणांना ठाऊक नसते: एका हाताने काही घट्ट पकडलं की दुसऱ्या हाताची बोटंही नकळत आवळली जातात. पाय घसरताना माणूस डाव्या हाताने कठडा पकडतो आणि उजव्या हातातलं पिस्तूल उडतं, ते यामुळेच.

पिस्तूल रिकामं करण्याचा बरोबर क्रम कोणता?

अपघात सगळ्यात जास्त इथेच होतात, म्हणून सविस्तर देतो.

१. नळी सुरक्षित दिशेला, बोट बाहेर.
२. आधी मॅगझिन (काडतुसं भरलेली सुटी डबी) काढा आणि हातातून दूर ठेवा.
३. मग स्लाइड (पिस्तुलाचा वरचा, मागेपुढे सरकणारा भाग) पूर्ण मागे ओढा. चेंबरमधलं (नळीच्या मागच्या टोकाच्या खोबणीतलं) काडतूस बाहेर पडेल. ते जमिनीवर पडू द्या.
४. स्लाइड मागेच अडकवा.
५. चेंबरमध्ये डोळ्यांनी पाहा, मग करंगळी घालून चाचपा. मॅगझिनची जागाही तशीच तपासा.
६. नजर दुसरीकडे वळवा आणि पुन्हा एकदा पाहा.

दुसरी आणि तिसरी पायरी उलटी झाली तर काय होतं? स्लाइड ओढल्यावर चेंबरमधलं काडतूस बाहेर पडतं, माणसाला वाटतं झालं. पण स्लाइड पुढे जाताना मॅगझिनमधलं पुढचं काडतूस चेंबरमध्ये सरकवते. आता मॅगझिन काढलं तरी पिस्तूल भरलेलंच राहतं, आणि समोर बाहेर पडलेलं काडतूस दिसत असल्यामुळे खात्री उलट वाढते. मॅगझिन काढल्यावर गोळी सुटत नाही, हाही एक चिवट गैरसमज आहे. ब्राउनिंग हाय-पॉवरसारख्या काही पिस्तुलांत तशी सोय असते, पण कितीतरी पिस्तुलं मॅगझिनशिवाय बिनदिक्कत चालतात.

बाहेर पडणारं काडतूस तळहाताने झेलण्याची सवय सोडा. काडतूस बाहेर पडण्याच्या स्लाइडमधल्या खिडकीवर हात असताना ते आडवं अडकलं आणि प्राइमरवर (काडतुसाच्या बुडातल्या, ठोक्याने पेटणाऱ्या टोपीवर) ते बाहेर फेकणाऱ्या इजेक्टरचं टोक बसलं, तर काडतूस तळहातातच फुटतं. पाचवी पायरीही टाळू नका. काडतूस ओढून काढणारा एक्स्ट्रॅक्टर तुटला असेल, तर स्लाइड दहा वेळा ओढूनही ते चेंबरमध्येच बसून राहतं.

रिव्हॉल्व्हर आणि लांब बंदुकांचं काय?

रिव्हॉल्व्हरमध्ये सिलिंडर बाजूला काढा, नळी वर करून इजेक्टर दांडा पूर्ण दाबा आणि प्रत्येक खाना मोजा. दुनळी मोडून दोन्ही नळ्यांतून आरपार उजेड दिसायला हवा. बोल्ट रायफलचं मॅगझिन सुटं होत असेल तर आधी ते काढा, नंतर बोल्ट. नळीखाली लांब ट्यूब मॅगझिन असलेल्या .२२ रायफली आणि पंप शॉटगनमध्ये मात्र एक खोच आहे: एखादं काडतूस ट्यूबमध्ये किंवा ते वर उचलणाऱ्या पट्टीवर राहून जातं आणि चेंबर रिकामा दिसतो. तिथे बोट घालूनच तपासावं लागतं.

जुन्या पद्धतीचं सिंगल ॲक्शन (प्रत्येक बाराआधी घोडा हाताने मागे ओढावा लागणारं) रिव्हॉल्व्हर, म्हणजे १८७३ च्या कोल्टच्या धाटणीचं, असेल तर सहा खान्यांत पाचच काडतुसं भरतात आणि घोडा रिकाम्या खान्यावर ठेवतात. त्यात घोडा खाली असताना फायरिंग पिन (प्राइमरवर ठोका देणारी सुई) थेट प्राइमरवर टेकलेली असते. जमिनीवर आपटलं की बार उडतो. रुगरने १९७३ पासून आपल्या सिंगल ॲक्शन रिव्हॉल्व्हरमध्ये ट्रान्सफर बार (चाप ओढला तरच घोड्याचा ठोका पिनपर्यंत पोचवणारी पट्टी) बसवला, त्यात हा धोका राहत नाही. आपल्या हातात कोणती रचना आहे हे माहीत नसेल, तर पाचच भरा.

सेफ्टी लावली आहे. मग एवढं कशाला?

सेफ्टी म्हणजे स्प्रिंग आणि पोलादाचे दोन-तीन तुकडे. ते झिजतात, त्यात कचरा अडकतो, कधी कुणी घरगुती "दुरुस्ती" केलेली असते. एप्रिल २०१४ मध्ये रेमिंग्टनने आपल्या मॉडेल ७०० आणि मॉडेल सेव्हन रायफली परत मागवल्या. ट्रिगर जोडताना लावलेला सीलंट जास्त झाला होता आणि त्यामुळे गोळी आपोआप सुटण्याची शक्यता होती. तुमच्या बंदुकीचा अनुक्रमांक घालून निर्मात्याच्या संकेतस्थळावर अशी सूचना निघाली आहे का, हे वर्षातून एकदा पाहायला पाच मिनिटं लागतात.

सेफ्टी जरूर लावा, फक्त तिच्या भरवशावर नळी कुणाकडे वळवू नका.

दुसऱ्याला बंदूक दाखवायची तर?

आधी स्वतः रिकामी करा, ॲक्शन (चेंबर उघडणारी-मिटणारी यंत्रणा) उघडी ठेवून दस्त्याच्या बाजूने द्या. घेणाऱ्याने तुमच्यादेखत पुन्हा तपासावं. त्यात तुमचा अपमान नाही. न तपासता बंदूक हातात घेणाऱ्या माणसाकडे ती न दिलेलीच बरी.

"साफ करताना गोळी सुटली" असं बातम्यांत येतं. रिकामी बंदूकच साफ करतात ना?

तेच तर कारण आहे. काही पिस्तुलं, ग्लॉक हे ठळक उदाहरण, खोलण्याआधी चाप ओढावा लागतो. चेंबर न पाहता तो ओढला की बार निघतो. बेरेटा ९२ किंवा सिग पी२२६ मध्ये खोलताना चाप ओढावा लागत नाही, पण तपासणीचा नियम सगळ्यांना सारखाच.

साफसफाईला बसण्याआधी त्या खोलीतलं प्रत्येक काडतूस बाहेर न्या, खिशातलं आणि भरलेल्या मॅगझिनमधलंसुद्धा. मग वर दिलेला क्रम. खिडकी उघडी ठेवा, कारण सॉल्व्हंटच्या वाफा डोक्यात जातात. शक्य असेल तिथे दांडा चेंबरकडून नळीच्या तोंडाकडे चालवा. उलट बाजूने घातलेला दांडा तोंडाची कड झिजवतो आणि नेम बिघडतो. ब्रॉन्झचा ब्रश नळीच्या मध्यावर उलटा फिरवू नका, आरपार काढूनच परत घ्या. शेवटी कोरडं फडकं फिरवून चेंबर आणि नळी कोरडी करा.

तेल थेंबात मोजायचं असतं. जास्त झालेलं तेल फायरिंग पिनच्या खोबणीत उतरतं, धूळ धरून घट्ट होतं आणि पिन जड चालते. काही बंदुकांत, उदाहरणार्थ एसकेएस रायफलमध्ये, पिनला स्प्रिंग नसते. ती गाळात पुढे अडकून राहिली तर बोल्ट बंद होतानाच काडतूस उडतं, आणि कधी सगळं मॅगझिन एका दमात रिकामं होतं. जुन्या साठ्यातली रायफल घट्ट ग्रीसमध्ये बुडवलेली मिळते. तिचा बोल्ट पूर्ण खोलून धुतल्याशिवाय पहिली गोळी भरू नये. बोल्ट हलवल्यावर पिनचा खुळखुळ आवाज यायला हवा.

रिकाम्या बंदुकीने घरी सराव केला तर चालतं का?

चालतं, आणि नेम सुधारायला तो फार उपयोगी आहे. पण काडतुसं दुसऱ्या खोलीत कुलूपबंद, बंदूक दोनदा तपासलेली, आणि नेम धरायची भिंत गोळी अडवणारी हवी. स्नॅप कॅप, म्हणजे सरावाची निर्जीव काडतुसं, वापरा. .२२ रिमफायर बंदुकीत नुसता चाप ओढत बसलात तर अनेकदा पिन चेंबरच्या कडेवर आपटून खाच पडते, म्हणून निर्मात्याचं पुस्तक आधी वाचा.

धोका सरावात नसतो, सराव संपल्यानंतरच्या दोन मिनिटांत असतो. माणूस बंदूक पुन्हा भरतो, मनात अजून सरावच चालू असतो, आणि "एक शेवटचा" म्हणून चाप ओढतो. म्हणून सराव संपला की मोठ्याने "संपलं" म्हणा, बंदूक लगेच तिजोरीत ठेवा आणि खोलीबाहेर पडा.

चाप ओढला, नुसता "टक्" आवाज आला. आता?

नळी लक्ष्याच्या दिशेलाच ठेवून किमान ३० सेकंद थांबा. प्राइमर कधीकधी उशिरा पेटतो. त्या वेळात तुम्ही चेंबर उघडलात, तर काडतूस उघड्यावर फुटून पितळेचे तुकडे तोंडावर येतात. ठासणीच्या बंदुकीत याहून बराच जास्त वेळ थांबा, तिथे दारू धुमसत राहू शकते. वेळ झाल्यावर काडतूस काढून वेगळं ठेवा. ते पुन्हा भरू नका, कचऱ्यात टाकू नका, रेंज अधिकाऱ्याच्या ताब्यात द्या.

फुसका बार झाला तर?

यात घाई केली तर बंदूक आणि बोटं दोन्ही जातात. आवाज दबका, धक्का नाममात्र, समोर भोक नाही: ही लक्षणं दिसली की थांबा. काडतुसात दारू कमी किंवा अजिबात नसेल, तर नुसता प्राइमर गोळीला नळीत ढकलतो आणि ती मध्येच रुतून बसते. मागून दुसरी गोळी सोडली की दाब कोंडतो आणि नळीला फुगवटा येतो किंवा ती फाटते.

बंदूक पूर्ण रिकामी करा, खोला, आणि चेंबरच्या बाजूने उजेड पाहा किंवा दांडा घाला. उजेड दिसला नाही तर गोळी अडकलेली आहे. ती पितळी दांड्याने बंदूक दुरुस्त करणाऱ्याकडूनच काढून घ्या. दुसरी गोळी मारून पहिली "ढकलून काढणं" हा उपाय नाही.

अशाच अडकलेल्या गोळीने मार्च १९९३ मध्ये चित्रीकरणादरम्यान अभिनेता ब्रँडन ली याचा जीव गेला. दारू काढलेल्या पण प्राइमर शाबूत असलेल्या एका नकली काडतुसाची गोळी रिव्हॉल्व्हरच्या नळीत अडकली होती. पुढे त्यातच ब्लँक (गोळी नसलेलं, नुसत्या दारूचं काडतूस) भरून चाप ओढला, आणि ब्लँकच्या वायूने ती गोळी बाहेर फेकली. ब्लँक स्वतःही निरुपद्रवी नसतं, अगदी जवळून त्याच्या वायूचा झोत प्राणघातक ठरतो.

काडतूस बसतंय, म्हणजे तेच बरोबर ना?

अजिबात नाही. नळीवर कोरलेलं नाव आणि काडतुसाच्या बुडावर ठोकलेलं नाव अक्षर न् अक्षर जुळलं पाहिजे. तीन चुका पुन्हा पुन्हा होतात.

गेज म्हणजे शॉटगनच्या नळीचं माप, आकडा मोठा तितकी नळी बारीक. २० गेजचं काडतूस १२ गेजच्या शॉटगनमध्ये सरकतं, चेंबरच्या पुढे जाऊन नळीत अडकतं आणि मागे १२ गेजचं काडतूस आरामात मावतं. तो बार नळी फोडतो, आणि फुटते ती जागा नेमकी पुढच्या हाताखाली असते. म्हणूनच २० गेजची काडतुसं पिवळ्या रंगाची बनवण्याची रीत पडली. दोन्ही गेजच्या बंदुका असतील तर काडतुसं एकाच पिशवीत किंवा एकाच जॅकेटच्या खिशांत कधीही ठेवू नका.

.३०० ब्लॅकआउट हे काडतूस ५.५६ च्या रायफलचंच मॅगझिन वापरतं आणि काही वेळा त्या चेंबरमध्ये बसतंही. पण गोळी जाड, नळी बारीक. परिणाम स्फोटाचा.

तिसरं, चेंबरची लांबी. ७० मिलीमीटर चेंबरमध्ये ७६ मिलीमीटरचं शॉटगन काडतूस न उडालेलं असताना बसतं, कारण त्याचं तोंड दुमडलेलं असतं. बार उडताना ते उघडायला जागा मिळत नाही आणि दाब वाढतो.

वडिलोपार्जित दुनळीच्या नळीवर लाटांसारखी नक्षी दिसत असेल, तर ती बहुधा दमास्कस, म्हणजे लोखंड आणि पोलादाच्या पट्ट्या पिळून जोडलेली नळी आहे. ती काळ्या दारूच्या काळातली. आजचं काडतूस तिच्यात घालू नका. भिंतीवर छान दिसते, तिथेच राहू द्या.

काडतुसं किती वर्षं टिकतात?

थंड, कोरड्या जागी मूळ खोक्यात ठेवली तर दशकं. ओल आणि गाडीतला उन्हाळ्याचा ताप त्यांना मारतो. गंज काढणारा किंवा आत झिरपणारा स्प्रे काडतुसांवर मारू नका, तेल प्राइमरपर्यंत पोचतं. हिरवी पडलेली, चेपलेली, गोळी हलणारी काडतुसं बाद करा.

रोज पिस्तूल भरणाऱ्या-रिकामं करणाऱ्यांसाठी एक सूचना. तेच काडतूस वारंवार चेंबरमध्ये गेलं की प्रत्येक धक्क्याने गोळी थोडी थोडी पुंगळीत खाली दबते. आतली जागा कमी होते आणि बाराचा दाब धोकादायक वाढतो. नव्या काडतुसाशेजारी उभं करून पाहा, बुटकं दिसलं तर वापरू नका.

घरात बंदूक ठेवायची कशी?

रिकामी, कुलूपबंद, आणि काडतुसं वेगळ्या कुलपात. अमेरिकेत २००५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात या चारही गोष्टी (बंदूक कुलपात, बंदूक रिकामी, काडतुसं कुलपात, काडतुसं वेगळी) मुलांच्या हातून होणारी इजा आणि आत्महत्या कमी असण्याशी एकेक करून जोडलेल्या आढळल्या. म्हणजे चारही जमत नसतील, तर निदान जमतील तेवढ्या करा.

तिजोरी भिंतीला किंवा जमिनीला आतून बोल्टने आवळा. न आवळलेली छोटी तिजोरी चोर बंदुकीसकट उचलून नेतो. सांकेतिक आकडा म्हणून जन्मतारीख, घरक्रमांक, गाडीचा नंबर नको, घरातली मुलं हेच आकडे आधी दाबून बघतात. किल्ली असेल तर ती "वरच्या फळीवर, डब्यामागे" नको. ती तुमच्याजवळ किंवा आकड्याच्या कुलपात. कपाटात लपवलेली बंदूक ही ठेवलेली बंदूक नव्हे. घरातल्या सगळ्यांना ती जागा माहीत असते, फक्त मालकाला वाटतं की नसते.

ट्रिगर लॉक भरलेल्या बंदुकीवर लावू नका, लावता-काढताना त्याचा दांडा चापावर दाबला जातो. केबल लॉक जास्त बरं, कारण केबल ॲक्शनमधून गेली की ॲक्शन मिटतच नाही. पण दोन्ही चोरीवरचा उपाय नाहीत.

चामड्याच्या होल्स्टरमध्ये किंवा फोमच्या पेटीत महिनोन्‌महिने ठेवू नका. चामडं कमावताना वापरलेली रसायनं आणि फोमने धरलेली ओल पोलादावर गंज आणतात. तिजोरीत सिलिका जेल ठेवा, आतली आर्द्रता ५० टक्क्यांच्या आसपास असू द्या.

मुलांना नीट समजावलंय, "हात लावायचा नाही". तेवढं पुरे का?

नाही. जरूर शिकवा: बंदूक दिसली तर थांब, हात लावू नको, तिथून निघ, मोठ्यांना सांग. पण शिकवलेल्या मुलांनाही खोलीत एकटं असताना लपवलेली बंदूक सापडली, तेव्हा त्यांच्यापैकी अनेकांनी ती हाताळली आणि काहींनी चापही ओढला, हे प्रयोगांत दिसलेलं आहे. मूल चाप दोन्ही अंगठ्यांनी ढकलतं, तेव्हा नळी त्याच्याच तोंडाकडे असते. "चाप जड आहे, त्याला ओढायचा नाही" या समजुतीवर विसंबू नका. शिकवण दुसऱ्याच्या घरी कामी येते, तुमच्या घरी कुलूप.

मूल दुसऱ्याकडे खेळायला जात असेल तर तिथे बंदूक आहे का आणि कशी ठेवली आहे, हे विचारायला संकोच करू नका. ॲलर्जीबद्दल सांगतो तितक्या सहज विचारा.

घरातलं कुणी फार खचलेलं आहे. बंदुकीचं काय करायचं?

तिजोरीचा आकडा बदलणं ही पहिली पायरी. त्याहून चांगलं, ती काही काळ घराबाहेर ठेवा: कायदा परवानगी देतो त्याप्रमाणे पोलीस ठाणं, अधिकृत विक्रेता, क्लब किंवा परवानाधारक नातेवाईक. हे आजच करा. संकटाचा तीव्र काळ बहुधा थोडा असतो, आणि तेवढ्या वेळात साधन हाताशी नसणं जीव वाचवतं. इस्रायली सैन्याने २००६ मध्ये सैनिकांनी आठवड्याच्या सुटीला रायफली घरी नेणं थांबवलं. त्यानंतर सैनिकांमधल्या आत्महत्या सुमारे ४० टक्क्यांनी घटल्या, आणि ही घट मुख्यतः सुटीच्या दिवसांतली होती.

स्वतः मालकच त्या अवस्थेत असेल, तर विश्वासातल्या माणसाला सांगून बंदूक त्याच्यामार्फत बाहेर ठेवावी आणि डॉक्टर किंवा हेल्पलाइनशी बोलावं. असं करणारा मालक जबाबदारी टाळत नसतो, ती पुरेपूर पाळत असतो.

लग्नात, विजयाच्या जल्लोषात हवेत गोळी झाडली तर?

गोळी वर जाते तशी खाली येते. सरळ वर झाडलेली .३० कॅलिबरची गोळी सेकंदाला सुमारे ९० मीटर वेगाने परत येते आणि तेवढ्याने कवटी फुटू शकते. प्रत्यक्षात कुणीच अगदी सरळ वर झाडत नाही. तिरकी गोळी याहून जास्त वेग राखून कुठल्या तरी गच्चीवर उतरते. यात "सुरक्षित पद्धत" नाही.

गोळी किती लांब जाते?

लोकांना वाटतं त्याच्या कितीतरी पुढे. "छोटी" समजली जाणारी .२२ ची गोळी दीड किलोमीटरपेक्षा लांब जाऊ शकते. .३०-०६ सारखी रायफल तीन किलोमीटरच्या पुढे. ९ क्रमांकाचे बारीक छर्रे दीडशे-पावणेदोनशे मीटरवर पडतात, जाड बकशॉट सहाशेच्या पलीकडे. म्हणून टेकडीच्या माथ्यावर, आकाशाच्या पार्श्वभूमीवर दिसणाऱ्या लक्ष्यावर कधीही गोळी झाडू नका. पाणी, खडक आणि टणक जमीन गोळी परतवतात. पोलादी लक्ष्य खास कडक पोलादाचं, खाली झुकवलेलं आणि पिस्तुलासाठी किमान दहा मीटर दूर हवं. खड्डे पडलेलं पोलाद तुकडे उलट फेकतं, ते काढून टाका.

कानांना एवढं जपायचं कारण? बार एक-दोनच तर करायचेत.

बाराचा आवाज साधारण १४० ते १७० डेसिबल असतो, आणि १४० च्या वर एकच बार कायमचं नुकसान करू शकतो. गेलेली श्रवणशक्ती परत येत नाही. बंदिस्त रेंजवर कानात बोळे आणि वर मफ, दोन्ही घाला. चष्मा पॉलिकार्बोनेटचाच, साफसफाई करतानाही, कारण सुटलेली स्प्रिंग डोळा शोधत येते.

शिशाचा विसर पडतो. बहुतेक प्राइमरमध्ये शिशाचं संयुग असतं, ते धुरातून हातावर आणि कपड्यांवर बसतं. रेंजवर काही खाऊ-पिऊ नका. आल्यावर हात-तोंड थंड पाणी आणि साबणाने धुवा, कपडे वेगळे धुवा, बूट दाराबाहेर. लहान मुलं किंवा गरोदर स्त्री घरात असेल तर हे काटेकोर पाळा.

प्रवासात बंदूक कशी न्यायची?

रिकामी, कुलूप लावलेल्या कडक पेटीत, काडतुसं वेगळी. मोटारीचा डॅशबोर्डचा कप्पा म्हणजे तिजोरी नव्हे, रात्रभर गाडीत बंदूक सोडू नका. विमानात ती फक्त चेक-इन सामानात, आधी जाहीर करून जाते. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार काडतुसांची मर्यादा प्रवाशामागे ५ किलो आहे, आणि दोघांची मिळून एकाच खोक्यात चालत नाहीत. विमान कंपनीची परवानगी आणि ज्या देशात उतरणार तिथला परवाना तिकिटाआधी पाहा.

शेतात-रानात कुंपण ओलांडताना बंदूक रिकामी करून, नळी स्वतःपासून दूर ठेवून आधी पलीकडे ठेवा, मग वेगळ्या जागेवरून ओलांडा. नळी धरून बंदूक आपल्याकडे ओढू नका. पडलात आणि नळीत चिखल गेला असेल, तर साफ केल्याशिवाय बार करू नका. दुर्बिणीतून "ते काय आहे" हे पाहायचं असेल तर गळ्यातली दुर्बीण वापरा, रायफलवरची नाही.

दारू, झोप आणणारी औषधं आणि बंदूक एका दिवशी नकोत. पार्टी आधी आणि नेमबाजी नंतर, हा क्रम कधीच नाही.

एअरगन तर खेळणंच आहे ना?

डोळ्याला तसं वाटत नाही. जोरदार एअर रायफलचा छर्रा सेकंदाला ३०० मीटरच्या आसपास वेग घेतो. वर लिहिलेले चारही नियम जसेच्या तसे लागू. शिवाय खऱ्यासारखी दिसणारी एअरगन रस्त्यावर मिरवलीत, तर पोलीस तिला खरीच समजून वागतील.

बंदूक चोरीला गेली किंवा हरवली तर?

त्याच तासात पोलिसांना कळवा. घरी शोधत आठवडा घालवू नका, कारण तेवढ्यात तिने गुन्हा झाला तर पहिली चौकशी तुमची. अनुक्रमांक, कॅलिबर, फोटो आणि खरेदीची पावती बंदुकीपासून वेगळ्या जागी आधीच जपून ठेवलेली असावी.

चुकून गोळी लागलीच तर पहिली दहा मिनिटं काय करायचं?

बंदूक रिकामी करून बाजूला ठेवा, नाहीतर मदत करणाराच दुसरा जखमी. एकाने रुग्णवाहिका बोलवावी, दुसऱ्याने जखमेवर थेट, दोन्ही हातांनी, शरीराचा भार टाकून दाबावं. हातापायातून रक्त उसळत असेल तर टुर्निके (रक्त थांबवायला आवळून बांधायचा पट्टा) जखमेच्या ५ ते ७ सेंटीमीटर वर बांधा, सांध्यावर नाही, आणि रक्त थांबेपर्यंत आवळा. फार दुखतं, तरी सैल करू नका. बांधल्याची वेळ लिहून ठेवा. मांडीच्या मुळाशी किंवा काखेत टुर्निके बसत नाही, तिथे स्वच्छ कापड जखमेत ठासून वरून दाबा. पाणी पाजू नका. गोळी काढायचा प्रयत्न करू नका. नेमबाजीच्या पिशवीत टुर्निके नसेल तर ती पिशवी अपुरी आहे.

वडील गेले, कपाटात त्यांची बंदूक निघाली. कुणाला काही कळत नाही.

हात लावू नका, ती भरलेली आहे असंच समजा. खोलीला कुलूप लावा, मुलांना दूर ठेवा. पोलीस ठाण्याला किंवा अधिकृत विक्रेत्याला फोन करून कुणाला तरी घरी बोलवा. पिशवीत घालून स्वतः ठाण्यात नेऊ नका. वाटेत बार उडण्याचा धोका तर आहेच, शिवाय परवाना तुमच्या नावावर नाही. सोबत जुनी काडतुसं किंवा बंदुकीच्या दारूचा डबा असेल तर तेही फोनवरच सांगा. परवान्याची कागदपत्रं शोधून ठेवा. वारसाने ती ठेवायची, विकायची की जमा करायची, याला बहुतेक ठिकाणी मुदत असते आणि ती मृत्यूच्या तारखेपासून मोजली जाऊ शकते.